मुलगी जर्मनीला निघाली: तिकडचं सिम सावकाश, आधी इथला नंबर सांभाळा

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. मुलगी सप्टेंबरअखेर मास्टर्सला जर्मनीला निघाली आहे. तिकडचं सिम नागपुरातूनच घेऊन द्यावं का, कोणत्या कंपनीचं, किती महिन्यांचं. आणि शेवटी जाता जाता एक ओळ, की इथला नंबर बंदच करून टाकतो, दोन वर्षं फुकटचा रिचार्ज कशाला मारायचा.

मी नागपुरात बर्डीवर मोबाइलचं दुकान चालवतो, १९ वर्षं झाली. ऑगस्ट उजाडला की तुमच्यासारखे आईबाप काउंटरवर यायला लागतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न तिकडच्या सिमचाच असतो. मला मात्र त्या शेवटच्या ओळीची धास्ती वाटते. जर्मनीत सिम मिळणं दोन-चार दिवसांचं काम आहे, चुकलं तर दहा-वीस युरो जातील. इथला नंबर हातचा गेला तर तिकडे बसून तो परत मिळत नाही. म्हणून आधी त्याचंच बोलू.

तिच्या या नंबराला काय काय जोडलेलं आहे ते एकदा कागदावर लिहून काढा. बँकेचं खातं, एज्युकेशन लोन, आधार, इन्कम टॅक्सचं पोर्टल, डिजिलॉकर, यूपीआय, ईमेलचा पासवर्ड विसरला तर येणारा कोड, व्हॉट्सॲप. आधारचा ओटीपी परदेशी नंबरवर येतच नाही. यूपीआयचं म्हणाल तर जानेवारी २०२३ मध्ये एनआरई आणि एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांच्या, खात्यांसाठी दहा देशांचे नंबर चालतील असं ठरलं. त्यात अमेरिका, इंग्लंड, यूएई होते, जर्मनी नव्हतं. तेव्हा तिकडचा नंबर इथे सगळीकडे लावून टाकू, हा विचार आत्ताच सोडा.

एक प्रसंग सांगतो. मानेवाड्याकडचं एक पोट्टं, फोन माझ्याकडूनच नेला होता. सप्टेंबरात गेलं. पुढच्या जुलैत त्याची आई दुकानात आली, म्हणाली, याचा नंबर बंद दाखवतोय, एक रिचार्ज मारून द्या. मी नंबर टाकला, रिचार्ज झटक्यात झाला. काकू खूश. मला शंका आली म्हणून त्याच नंबरवर फोन लावला, तर पलीकडून गोंदियाचे एक धानाचे व्यापारी बोलले. नंबर नवीन म्हणून त्यांना मिळून महिना झाला होता. "भाऊ, याच्यावर कोणाचे तरी बँकेचे मेसेज येत राहतात," म्हणाले, आणि रिचार्जबद्दल आभारही मानले. पुढे बँकेत नंबर बदलायला त्या पोराला अर्ज, सही आणि दूतावासाचा शिक्का मारलेली पासपोर्टची प्रत तिकडून पाठवावी लागली. तोवर बँकेकडून मिळायचा लोनचा पुढचा हप्ता अडकून बसला.

हे असं का होतं ते समजून घ्या. ट्रायच्या, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाप्रमाणे प्रीपेड नंबर ९० दिवस वापरात नसला तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात २० रुपये शिल्लक असले तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. बंद झालेला नंबर पुढे ९० दिवस तरी दुसऱ्याला देत नाहीत, त्यानंतर तो बाजारात येतो. हा ९० दिवसांचा हिशेब कळलेले लोकच जास्त फसतात बरं का. त्यांना वाटतं, तीन महिन्यांतून एकदा रिचार्ज मारला की झालं. पण नंबर जिवंत असणं वेगळं आणि त्यावर मेसेज येणं वेगळं. व्हॅलिडिटी संपली की आधी आउटगोइंग जातं, मग काही दिवसांत इनकमिंगही. त्या मधल्या दिवसांत ओटीपी लागला तर नंबर तुमचाच असून उपयोग नाही.

उपाय अवघड नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितलं की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी नुसत्या कॉल-एसएमएसचे प्लॅन ठेवा, आणि अशा प्लॅनची मुदत ९० वरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. जानेवारी २०२५ मध्ये मोठ्या कंपन्यांनी ते आणले तेव्हा जवळजवळ वर्षभराचा प्लॅन दोन हजारांच्या आत बसत होता. दर बदलत असतात, मारायच्या दिवशी विचारून घ्या. पण वर्षाचा एकदम मारा, आणि संपायच्या पंधरा दिवस आधीची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुलीच्या भरवशावर ठेवू नका, तिला तिकडे परीक्षा असतील. घरात पोस्टपेड फॅमिली प्लॅन असेल तर तिचा नंबर त्यात जोडणं हा आणखी निर्धास्त मार्ग. बिल दर महिन्याला घरूनच भरलं जातं, मुदत संपायची भानगड नाही. एकच धोका, डेटा रोमिंग चालू राहिलं तर बिल बघून डोळे पांढरे होतील.

तर रोमिंग. इंटरनॅशनल रोमिंग इथे असतानाच, कंपनीच्या ॲपमधून किंवा दुकानातून चालू करून घ्या. तिकडे उतरून करू म्हणाल तर त्यासाठी लागणारा ओटीपी कुठे येणार? साधारणपणे रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत, पण तिच्या कंपनीत त्यासाठी काही पॅक लागतो का ते कस्टमर केअरला विचारून घ्या. त्या सिमचं डेटा रोमिंग मात्र बंद. दुकानात हे काम मी स्वतः करतो. गिऱ्हाइकाचा फोन हातात घेऊन भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद करतो, त्याच्यासमोर एकदा उघडून दाखवतो आणि त्या सिमला "फक्त ओटीपी" असं नाव देऊन ठेवतो. तिकडे गेल्यावर त्या नंबरवर येणारा फोन उचलायचा नाही, इनकमिंगचेही पैसे कापतात. तेव्हा आजी, मावशी, शेजारच्या काकू, सगळ्यांना आत्ताच बजावून ठेवा की त्या नंबरवर साधा फोन लावायचा नाही. आणि विमानात फोन एरोप्लेन मोडवर हवाच. काही विमानांत स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, फोन गुपचूप त्याला जोडला जातो आणि त्याचे दर साध्या रोमिंगच्या प्लॅनमध्ये धरलेले नसतात.

आता एक गोष्ट, जिच्यावरून माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ आहेत. सिम कोणाच्या नावावर आहे? आपल्याकडे मुलगी दहावीत असताना बाबांच्या आधारवर घेतलेलं सिम तसंच चालू असतं. लोक सांगतात, जाण्याआधी ते तिच्या नावावर करून घ्या. कागदोपत्री तेच नीट. पण व्यवहार असा की सिम हरवलं किंवा खराब झालं तर नवीन सिम मालकालाच मिळतं, समोर उभं राहून, आधार दाखवून. मालक जर्मनीत असला की तुम्ही नागपुरातल्या कंपनीच्या दुकानात कितीही हात जोडा, तिथला माणूस मान हलवतो, आणि त्याचं चूक नाही. बाबांच्या नावावर असेल तर बाबा जाऊन सिम काढून आणतात आणि कुरिअरने पाठवतात. म्हणून सिम बाबांच्या नावावर असेल आणि बँकेची काही हरकत नसेल, तर मी ते तसंच राहू द्या म्हणतो. तिच्याच नावावर असेल तर बदलायला जाऊ नका, पण मग ते दागिन्यासारखं जपावं लागेल. आणि ओटीपी ईमेलवरही येईल अशी सोय बँक देत असेल तर ती निघण्याआधीच चालू करून घ्या.

कोणाच्या नावावर किती सिम आहेत ते आठवत नसेल तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. एका माणसाला नऊपर्यंत सिम घेता येतात, त्यामुळे घरोघरी एखादं विसरलेलं निघतंच.

सिमवर जे काही करायचं असेल, नावबदल, नवीन कार्ड, ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच भरलं जाणारं सिम), ते सगळं निघायच्या निदान दोन-तीन आठवडे आधी. सिम बदललं की २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत, फसवणूक टाळण्यासाठी तसा आदेशच आहे. जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टिंगही, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणंही, करता येत नाही. विमानाच्या आदल्या संध्याकाळी "भाऊ, सिम नॅनो करून द्या" म्हणत येणारे मी पाहिलेत. रात्री फॉरेक्स कार्डाचा ओटीपी येत नाही, मग सगळं घर जागं.

आणि ई-सिम? भारतीय नंबर साध्या, हातात धरता येणाऱ्या सिमवरच ठेवा असं माझं मत. कारण सोपं आहे. तिकडे फोन पडून स्क्रीन गेली तर सिम काढून दुसऱ्या कुठल्याही फोनमध्ये टाकलं की ओटीपी चालू. ई-सिम मेलेल्या फोनमध्ये अडकतं, आणि ते दुसऱ्या फोनवर आणायला परत ओटीपी नाहीतर दुकान. घरात पडलेला एक जुना फोन बॅगेत टाका आणि सिम काढायची ती पिन. ती पिन मी पासपोर्टच्या कव्हरच्या आत टेपने चिकटवून देतो. लोक हसतात, पण तिकडे गेल्यावर हमखास हरवते ती हीच.

जर्मन नंबर मग ई-सिमवर किंवा दुसऱ्या खाचेत. फोन ई-सिम घेतो का ते बघायला डायलरवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा. आयएमईआयच्या, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाच्या, खाली ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर घेतो.

जर्मनीकडे वळू. तिकडे मोबाइलला "हँडी" म्हणतात, आणि १ जुलै २०१७ पासून प्रीपेड सिमही ओळख पटवल्याशिवाय चालू होत नाही. म्हणून कन्सल्टंट जे फुकट जर्मन सिमचं पाकीट देतात ते पाकीट म्हणजे अर्धं कामही नाही. पासपोर्ट दाखवून ओळख पटवायचं काम उरतंच. ते व्हिडिओ कॉलवर होतं, काही दुकानांत होतं, किंवा पोस्टात जाऊन. भारतीय पासपोर्ट व्हिडिओवर काही ठिकाणी घेत नाहीत, मग पोस्टच. तिकडचा पत्ताही लागतो. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिचा कागद हातात असला की ही सगळी कामं हलकी होतात. बाजारात जी ट्रॅव्हल सिमं मिळतात ती वेगळी. त्यांत बहुधा नुसता डेटा असतो, जर्मन नंबर मिळत नाही. मीही ती विकतो आणि त्यात मला बरा नफा आहे, तरी सांगतो, महिन्याभराचं घेऊ नका. पहिले चार-पाच दिवस निभले की पुरे.

ते चार-पाच दिवस मात्र खरंच लागतात, आणि त्याचं कारण बहुतेकांना इथे सुचत नाही: रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. विमानतळावर आणि मोठ्या स्टेशनांत काही उघडी असतात, पण तिथे महाग. मुलगी शनिवारी रात्री पोचली तर सोमवारपर्यंत सिम नाही, आणि त्याच वेळी घरमालकाला फोन करायचा असतो, नकाशा बघायचा असतो. तेव्हा तिकीट कोणत्या वाराचं आहे ते बघूनच लहान रोमिंग पॅक किंवा ट्रॅव्हल ई-सिम घ्या. मंगळवारी सकाळी पोचणारीला तेवढीही गरज पडत नाही, विमानतळावर आणि लांबच्या गाड्यांत वायफाय फुकट असतं.

मग पहिलं सिम कोणतं? तुम्ही शहर लिहिलेलं नाही, आणि उत्तर तिथेच अडतं. तिकडे मुख्य नेटवर्क तीन, टेलिकॉम, व्होडाफोन आणि ओटू. चौथी वन-अँड-वन नवीन आहे. सुपरमार्केटमध्ये जी स्वस्त सिमं मिळतात ती यांच्याच टॉवरवर चालतात. आल्डीचं ओटूवर, लिडलचं व्होडाफोनवर, पेनीचं आणि काँगस्टार नावाचं टेलिकॉमवर. मोठ्या शहरात राहणार असेल तर दहा युरोच्या आसपासचं कुठलंही घेतलं तरी चालून जातं. विद्यापीठ लहान गावात असेल किंवा रोज रेल्वेने जायचं असेल तर टेलिकॉमच्या टॉवरवरचं बघा. सर्वांत चांगलं म्हणजे तिच्या होस्टेलवर राहणाऱ्या सीनियरला विचारा, खोलीत कुठलं नेटवर्क येतं. तिकडच्या जाड भिंतींपुढे कंपनीच्या नकाशाचं काही चालत नाही. आणि भाव बघताना एक लक्षात घ्या, बरेच प्रीपेड प्लॅन चार आठवड्यांचे असतात, महिन्याचे नव्हे. म्हणजे वर्षाला १३ रिचार्ज. आपल्याकडच्या २८ दिवसांसारखीच ही गंमत आहे, तिकडेही.

सहा महिने प्रीपेडच राहू द्या. कॉन्ट्रॅक्टचं सिम स्वस्त दिसतं, वर फोनही देतात, पण त्याची मुदत बहुधा २४ महिन्यांची असते. त्याला तिकडचं बँक खातं लागतं आणि शुफा नावाची पत तपासणी होते. आपल्याकडचं सिबिल म्हणा. नव्या माणसाची तिथे काही नोंदच नसते, म्हणून कधी कधी नकार येतो. आला तर घाबरायचं नाही, त्यात तिची काही चूक नसते. उलट अर्ज पास झाला तर जास्त जपा. माझ्या पुतण्याने पहिल्याच महिन्यात स्टेशनजवळच्या दुकानात सही केली, चार महिन्यांनी शहर बदललं आणि नव्या खोलीत नेटवर्कच नाही. सुटायला मार्ग नव्हता. ऑनलाइन घेतलेलं कॉन्ट्रॅक्ट १४ दिवसांत परत करता येतं, दुकानात बसून सही केली की हा हक्क नसतो. आपल्याला वाटतं माणसासमोर घेतलेलं पक्कं, तिकडे नेमकं उलटं आहे. कायद्यात एक बरी गोष्ट अशी की डिसेंबर २०२१ पासून पहिली मुदत संपल्यावर कॉन्ट्रॅक्ट आपोआप वर्षभर वाढत नाही, एका महिन्याच्या नोटिशीवर सोडता येतं. घ्यायचंच झालं तर तिला "मोनाटलिश क्युंडबार" हे दोन शब्द शोधायला सांगा. त्यांचा अर्थ, दर महिन्याला सोडता येणारं.

जर्मन सिम युरोपियन युनियनमध्ये फिरताना त्याच दरात चालतं, २०१७ पासून. स्वित्झर्लंड त्यात धरलेलं नाही, आणि पोट्टे सहलीला पहिले तिकडेच जातात.

फोन नवीन घेऊन देणार असाल तर थांबा, आधी मॉडेल कळवा. तिकडे ३जी २०२१ मध्येच बंद झालं, त्यामुळे कॉल नीट व्हायला फोनमध्ये त्या कंपनीचं व्होल्टी, म्हणजे ४जीवरून कॉल लावायची सोय, चालायला हवं. इथल्या काही मॉडेलांत ते चालत नाही, मग कॉल लागताना फोन २जीवर उतरतो. दुसरं, ८०० मेगाहर्ट्झचा बँड २०, म्हणजे ४जीच्या लहरींचा एक पट्टा. जर्मनीत गावाकडे आणि इमारतींच्या आत त्याचा मोठा आधार असतो, आणि भारतात विकल्या जाणाऱ्या कितीतरी स्वस्त फोनांत तो नसतो. कंपनीच्या साइटवर मॉडेलच्या माहितीत एलटीई (४जी) बँडची यादी असते, त्यात २० आहे का तेवढं बघा.

व्हॉट्सॲप सध्या इथल्याच नंबरवर राहू द्या, तिकडे गेल्या-गेल्या बदलू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲप्सना आदेश दिला की ज्या नंबरचं खातं, ते सिम फोनमध्ये असल्याशिवाय ॲप चालू नये. म्हणजे हे सिम कपाटात ठेवून गेलं तरी चालतं, ही जुनी सोयही धरून चालू नका. ते तिच्या फोनमध्येच हवं.

बँकेत जाल तेव्हा एनआरओ खात्याचंही विचारून या. शिकायला परदेशी गेलेला विद्यार्थी फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या हिशेबाने अनिवासी ठरतो, आणि ते काम मुलगी इथे असताना एका सहीत होतं.

सप्टेंबरअखेरचं विमान आहे, तर सिमचं जे काही बदलायचं ते तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाच्या, आत उरका, वर्षाचा रिचार्ज निघायच्या आठवड्यात मारा, आणि रोमिंग चालू झाल्याचा मेसेज आल्याशिवाय सोनेगाव विमानतळाकडे निघू नका. शहर, तिकिटाचा वार आणि फोनचं मॉडेल एवढं लिहून पाठवा, म्हणजे पहिलं सिम कोणतं ते मी नेमकं सांगतो.